शेतावरील राखणदार कुत्र्याचे घर

ज्याच्या दारी कुत्रा नाही असा शेतकरी आपल्या खेड्यांतून क्वचितच आढळेल. खळ्यावरील धान्य, गोठ्यातील वासरे, वाड्यातील शेळ्यामेंढ्या आणि परसातील कोंबड्या या सर्वांची राखण तो रात्रभर करतो. धनगराच्या कळपाबरोबर तो कोसच्या कोस चालतो. खंडोबाच्या सान्निध्यातही त्याला मानाचे स्थान मिळालेले आहे. असे असूनही बैलांसाठी गोठा, शेळ्यांसाठी वाडा व कोंबड्यांसाठी खुराडे बांधणारा शेतकरी कुत्र्यासाठी काहीच बांधीत नाही. उन्हाळ्यात तो बैलगाडीखाली पडून राहतो, पावसाळ्यात ओसरीच्या कडेला भिजत बसतो आणि हिवाळ्यात चुलीच्या राखेत ऊब शोधतो. पुष्कळ ठिकाणी तर तो रात्रभर गोठ्याच्या खांबाला आखूड साखळीने जखडलेला असतो.

ही उणीव केवळ भूतदयेचा प्रश्न नाही. कुटुंबाचे आरोग्य, जनावरांचे आरोग्य आणि काही भागांत तर घरातील मुलांचे प्राण या गोष्टीशी निगडित आहेत. यास्तव कमी खर्चाचे, टिकाऊ व दिसण्यास सुबक असे कुत्र्याचे घर कसे बांधावे, याचा विचार या लेखात केला आहे.

बिबट्या आणि बांधलेला कुत्रा

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके, तसेच अहिल्यानगर व नाशिक जिल्ह्यांतील बागायती पट्टा येथे उसाच्या फडांत बिबट्या वस्ती करून राहतो. उसात त्याला दाट आडोसा व पाणी मिळते आणि फडातच मादी पिलांना जन्म देते. तेथे त्याचे भक्ष्य कोणते, याचा अभ्यास डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केला. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीवरून त्यांना असे दिसून आले की, त्याच्या आहारात वजनाच्या मानाने ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. म्हणजे त्या भागात कुत्रा हेच बिबट्याचे प्रमुख अन्न ठरले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अंगणात उघड्यावर बांधलेला कुत्रा बिबट्याला घराच्या उंबरठ्यापर्यंत ओढून आणतो. मोकळा कुत्रा निदान पळून जीव वाचवू शकतो. साखळीने जखडलेल्याला तेही शक्य नसते. आणि एकदा अंगणात भक्ष्य मिळाले की बिबट्या त्याच वाटेने पुन्हा येतो. त्या अंगणातच घरातील मुले खेळत असतात व उन्हाळ्यात माणसे उघड्यावर निजत असतात. म्हणून अशा गावांत कुत्र्याचे घर बंदिस्त जाळीचे असणे अत्यावश्यक आहे.

कुत्रा जाळीत कोंडला तर राखण कोण करणार, अशी शंका शेतकरी बांधव घेतात. परंतु कुत्र्याची राखण मुख्यतः त्याच्या नाकावर व कानावर अवलंबून असते. जाळीतून वास व आवाज दोन्ही त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि त्याचे भुंकणे घरापर्यंत ऐकू येते. इशारा देणे हे त्याचे काम आहे व ते तो जाळीतूनही चोख बजावतो.

जागेची निवड

जागा उंचवट्याची व पाण्याचा निचरा होणारी असावी. ती घर आणि गोठा यांच्या मध्ये, घरातून दिसेल अशी घ्यावी; मात्र माणसे निजतात त्या पडवीला लागून घेऊ नये. वैरणीची गंजी, धान्याची कणगी व विहीर यांपासून ती दूर असावी. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी पसरतात. ती वैरणीत किंवा पाण्यात मिसळू देणे धोक्याचे असते. उसाचा फड, घाणेरीचे रान किंवा दाट कुंपण यांना लागूनही घर बांधू नये. सभोवतालची पाच-सहा हात जागा स्वच्छ ठेवावी, म्हणजे बिबट्यास दडण्यास आडोसा मिळणार नाही व सापालाही थारा राहणार नाही. शक्य असल्यास जवळ एक दिवा लावावा. कडुनिंब किंवा करंज यांची दुपारची सावली मिळत असल्यास ती जागा सर्वांत उत्तम.

आपल्याकडे पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतात आणि दुपारनंतरचे कडक ऊनही पश्चिमेचेच असते. म्हणून घराची पाठ पश्चिमेस व दार पूर्वेस ठेवावे. सकाळचे कोवळे ऊन आत येऊन अंथरूण कोरडे राहते.

निजण्याच्या खोलीची मापे

कुत्र्याचे घर फार मोठे असू नये व फार लहानही असू नये. मोठ्या घरात थंडीच्या दिवसांत ऊब राहत नाही; लहान घरात कुत्रा पाय पसरू शकत नाही. माप घेण्याची सोपी रीत अशी : कुत्र्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजावी व तीत चौथा हिस्सा मिळवावा, ती खोलीची लांबी होय. उंची इतकी असावी की मान वर करून उभे राहिल्यावर डोके छताला लागू नये. रुंदी अशी असावी की त्यास आत सहज वळता यावे.

खांद्यापाशी सुमारे २ फूट उंच असलेल्या गावठी कुत्र्यास आतून ४ फूट लांब व ३ फूट रुंद खोली पुरते. भिंतीची उंची पुढे साडेतीन फूट व मागे ३ फूट ठेवावी, म्हणजे छपरास मागे उतार मिळतो. कारवानी किंवा पश्मी जातीचा उंच कुत्रा असल्यास प्रत्येक माप अर्धा फूट वाढवावे.

दार २२ इंच उंच व १४ इंच रुंद पुरेसे होते. ते भिंतीच्या मध्यावर न ठेवता एका टोकास ठेवावे; त्यामुळे दुसऱ्या टोकाचा कोपरा वाऱ्यापावसापासून सुरक्षित राहतो व कुत्रा तेथेच निजतो. दाराखाली ४ इंचांचा उंबरा ठेवल्यास अंथरूण बाहेर येत नाही. छपराखाली पुढील व मागील बाजूस चार चार इंचांची फट ठेवून तीस जाळी बसवावी. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. कोंदट व तापलेल्या खोलीत त्यास उष्माघात होऊ शकतो, म्हणून हवा खेळती राहणे जरुरीचे आहे.

बांधकाम

जोते जमिनीपासून एक फूट उंच घ्यावे व आत मुरूम घालून धुमस करावा. वर शहाबादी फरशी बसवून तिला दाराकडे थोडा उतार द्यावा. भिंती साडेचार इंची विटांच्या असाव्यात. जोत्यासह सुमारे चारशे विटा लागतात. कोकणात जांभा दगड व देशावर काळा दगड हाताशी असल्यास त्याचा उपयोग करावा. मातीच्या भिंतीही चालतील. मात्र आतील बाजू सिमेंटने गुळगुळीत गिलावून घ्यावी. यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाल्यावर खाली उतरते, भिंतीच्या व छपराच्या फटींत शिरते आणि तेथे हजारोंनी अंडी घालते. फटी राहिल्या तर केवळ कुत्र्याच्या अंगावर औषध लावून गोचीड हटत नाही. भिंत गुळगुळीत असेल व तिला वेळोवेळी चुना दिला जात असेल, तर तिचा आसरा नाहीसा होतो.

छपरासाठी मंगळुरी कौले उत्तम. पत्रा वापरावयाचा असल्यास त्यावर उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा यांचा जाड थर बांधावा व बाहेरून पांढरा रंग द्यावा. जुन्या लोखंडी पिंपाचे घर करणे स्वस्त वाटते. परंतु वैशाखात ते भट्टीप्रमाणे तापते, म्हणून ते टाळावे.

जाळीचा पिंजरा

बिबट्याचा वावर असलेल्या गावांत ही खोली १२ फूट लांब, ५ फूट रुंद व ६ फूट उंच अशा जाळीच्या पिंजऱ्यात पश्चिम टोकास बांधावी. उरलेल्या जागेत कुत्र्यास हिंडता येते व साफसफाईसाठी माणसालाही उभे राहता येते. चारही बाजू व माथा मिळून सुमारे २६५ चौरस फूट जाळी लागते. ती पुढीलप्रमाणे असावी :

१. जाळी जाड तारेची, सांधे जोडलेली असावी. छिद्र दोन इंचांपेक्षा मोठे नसावे, म्हणजे बिबट्याचा पंजा आत जाणार नाही. कोंबड्यांची पातळ जाळी येथे उपयोगी नाही.

२. खांब व चौकटी लोखंडी अँगलच्या असाव्यात व खांबांचे पाय काँक्रीटमध्ये पक्के बसवावेत.

३. माथा जाळीने पूर्ण बंद करावा व त्याखाली आडव्या पट्ट्या द्याव्यात. बिबट्या उत्तम चढणारा प्राणी आहे. माथा उघडा असलेला पिंजरा हा पिंजराच नव्हे.

४. तळाशी चोहोबाजूंनी एक फूट खोल दगड-सिमेंटचा पाया घ्यावा, म्हणजे खालून उकरता येणार नाही.

५. दार बाहेर उघडणारे असावे. बाहेरून धडक बसली तर ते चौकटीवरच घट्ट दाबले जाते. वर व खाली अशा दोन कड्या बसवाव्यात.

जाळीत विजेचा प्रवाह कधीही सोडू नये. त्याने प्रथम घरातील माणसांचा व जनावरांचाच बळी जाण्याचा संभव असतो. बिबट्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये संरक्षण आहे; तो वस्तीत दिसल्यास वनखात्यास कळवावे, स्वतः पकडण्याचा प्रयत्न करू नये.

जेथे बिबट्याचा उपद्रव नाही, तेथे या पिंजऱ्याऐवजी बांबूचे कुंपण पुरते.

सुबकपणा

दिसण्याकडे लक्ष देणे म्हणजे उधळपट्टी, असा समज बरोबर नाही. जे देखणे असते ते घरची माणसे स्वच्छ ठेवतात. जे ओंगळ असते त्याच्या आसपास कचरा साठतो. छपराचा उतार घराच्या छपराशी जुळता ठेवावा, भिंतींना पांढरा चुना देऊन खाली गेरूचा पट्टा ओढावा, जाळीच्या चौकटींना हिरवा तेलरंग लावावा. रंगामुळे लोखंड गंजत नाही व पिंजऱ्याचे आयुष्यही वाढते. पश्चिमेच्या बाजूस वेगळा मांडव घालून त्यावर दोडका किंवा दुधी चढवावा. सावली मिळते व भाजीही होते. वेल प्रत्यक्ष जाळीवर मात्र चढवू नये. त्याने आतील कुत्र्यास बाहेरचे दिसत नाही.

रोजची निगा

निजण्यासाठी चार इंच उंचीची फळ्यांची माची करावी व वर कोरड्या पेंढ्याने भरलेले गोणपाट घालावे. ते दर आठवड्यास उन्हात टाकावे. पाण्यासाठी जड दगडी कुंडी ठेवावी व पाणी रोज बदलावे. विष्ठा रोज उचलून खोल खड्ड्यात पुरावी. उरलेले अन्न रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नये.

शेळ्यामेंढ्यांचे कच्चे काळीज, फुफ्फुस व आतडी कुत्र्यास घालण्याची चाल घातक आहे. त्यांतील पाण्याच्या गाठींतून फीतकृमी कुत्र्याच्या पोटात जातो, त्याची अंडी विष्ठेवाटे पसरतात व पुढे माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात. पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्यास नियमित जंताचे औषध द्यावे.

घर हे रात्रीच्या आश्रयासाठी आहे, जन्मठेपेसाठी नव्हे. दिवसा कुत्र्यास मोकळे हिंडू द्यावे. बांधणे भागच असेल तर दोन खांबांमध्ये तार ताणून तीवर साखळीची कडी सरकती ठेवावी. जनावरास फार आखूड किंवा फार जड साखळीने दीर्घ काळ बांधून ठेवणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० अन्वये गुन्हा आहे.

पिसाळण्यापासून संरक्षण

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. परंतु वेळीच केलेल्या उपायाने तो रोग टळतो. पिलास तीन महिन्यांचे होताच लस टोचावी व पुढे पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे दरवर्षी टोचीत जावे. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर हळद, तिखट वा चुना लावू नये, आणि ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. अशा वेळी पिंजऱ्याचा आणखी एक उपयोग होतो. चावलेल्या कुत्र्यास दहा दिवस त्यात बंद ठेवून पाहता येते. तो निरोगी राहिल्यास डॉक्टर पुढील उपचाराचा निर्णय करू शकतात. मात्र त्यासाठी लस घेणे थांबवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या गावातील कुत्री रात्री कोठे बांधली जातात, याची नोंद करावी. उसाच्या फडांना लागून असलेल्या वस्त्या आधी घ्याव्यात. एखाद्या उत्साही शेतकऱ्याच्या मळ्यात वर दिलेल्या मापांचे एक घर नमुन्यादाखल उभे करावे व ते इतरांस दाखवावे. शंभर भाषणांनी होत नाही ते एका नमुन्याने होते. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे. त्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने गावात लसीकरण शिबिर भरवावे. ऊसतोडणी सुरू झाली की फडांतील बिबटे आडोसा शोधीत इतस्ततः हिंडू लागतात. म्हणून बांधकाम तोडणीपूर्वी पुरे व्हावे. सर्वांचे घर राखणाऱ्या या मुक्या सोबत्यास चार भिंती व एक भक्कम दार मिळाले, तर त्याच्याबरोबर आपले अंगणही सुरक्षित होईल.