हक्क की परवाना?

अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली, की आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांतून लगोलग तिकडे दूरध्वनी जातो. मुले-नातवंडे सुखरूप आहेत असे कळले, की नेहमीचा प्रश्न निघतो : एवढे होऊनही तो देश बंदुकांवर बंदी का घालीत नाही? उत्तर त्यांच्या राज्यघटनेत आहे. 1791 मध्ये स्वीकारलेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. नागरी सेनेच्या संदर्भात लिहिलेले ते वाक्य व्यक्तीच्या स्वतंत्र हक्कालाही लागू पडते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. घटनेत लिहिलेला हक्क साध्या कायद्याने पुसता येत नाही. सारी अडचण तेथे आहे.

आपल्याला हा वाद परका वाटतो. पण आपल्याही राज्यघटनेत हा हक्क येऊ घातला होता. त्याची मागणी साठ वर्षे चालली होती आणि ती करणाऱ्यांत अहिंसेचे उपासक होते. ऐन वेळी तो नाकारला गेला. तो का नाकारला गेला, हे हैदराबादकराला इतरांपेक्षा लवकर उमगावे, असे मला वाटते.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी प्रजेला निःशस्त्र करण्याचे धोरण धरले आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, 1878 मध्ये, त्याला हत्यारांच्या कायद्याचे पक्के रूप दिले. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. लेखणी आणि तलवार एका वर्षात बांधल्या गेल्या, हा योगायोग खचितच नव्हे. या कायद्यान्वये हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र घेऊन फिरणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट होती. रानालगतच्या शेतकऱ्याने डुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक मागावी तर साहेबाच्या मर्जीची वाट पाहावी, आणि साहेबाच्या जातभाईने मात्र विनापरवाना शिकारीला निघावे, असा हा न्याय होता. खंडेनवमीला तलवारीची पूजा करणाऱ्या महाराष्ट्राला त्यातला अपमान विशेष झोंबला असेल, तर नवल नाही.

(भाषेच्या अध्यापकाला येथे थोडे थांबू द्यावे. हातात धरून चालवायचे ते शस्त्र, फेकून मारायचे ते अस्त्र, असा संस्कृतातील भेद आहे. त्या हिशेबाने बंदूक हातात राहते आणि गोळी तेवढी अस्त्र ठरते! व्यवहारात मात्र ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून आला आणि ‘परवाना’ फारसीतून. दोघेही आपल्याकडे जोडीनेच नांदले.)

1887 साली मद्रासच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी एका राष्ट्राला निःशस्त्र करण्याच्या या कृत्याची गणना इंग्रजी राज्याच्या अत्यंत काळ्या दुष्कृत्यांत केली. 1930 च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या मांडल्या. त्यांतील मिठाची सर्वांना आठवते. अकरावी फारशी कोणी सांगत नाही : आत्मसंरक्षणासाठी, लोकनियंत्रणाखाली, बंदुकीचे परवाने मिळावेत. पुढच्याच वर्षी कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क नोंदला गेला.

म्हणून 1948 च्या डिसेंबरच्या आरंभी घटना समितीत हरी विष्णु कामत यांनी जी उपसूचना मांडली, ती त्यांनी हवेतून आणलेली नव्हती. ते कराचीचेच वचन आठवून देत होते. संसदेच्या कायद्याने घातलेल्या निर्बंधांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, एवढेच त्यांचे मागणे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा : परकी सत्तेने निःशस्त्र केलेल्या प्रजेने हा हक्क मागणे योग्यच होते, पण आता परिस्थिती पालटली आहे. स्वतंत्र राष्ट्रात आग्रह धरायचा तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, तर राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा. हक्क सर्वांना द्यायचा तर सराईत गुन्हेगारालाही द्यावा लागेल. आणि अपवाद घालायचेच असतील, तर शस्त्रांविषयी कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहेच. उपसूचना फेटाळली गेली. आपल्या घटनेच्या 19 व्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख राहिला तो नकारात्मक : शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. 25 व्या अनुच्छेदातील शीख बांधवांच्या कृपाणाचा अपवाद सोडला, तर मूलभूत हक्कांत शस्त्राला अन्यत्र जागा नाही.

ही चर्चा झाली तेव्हा हैदराबादच्या पोलीस कारवाईला तीन महिनेही झाले नव्हते. कासीम रझवी यांच्या रझाकारांचे सैन्य खाजगीच होते. भाले, तलवारी, भरमार बंदुका आणि रायफली घेऊन ते गावोगाव हिंडत होते. ‘इमरोझ’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा त्याच 1948 च्या ऑगस्टमध्ये खून झाला, तो काचीगुडा भागात, या सभागृहापासून पायी अर्ध्या तासाच्या वाटेवर. मुसलमान संपादकाने भारतात विलीन होण्याचा पक्ष घेतला, हा त्यांचा अपराध. विरुद्ध बाजूलाही शस्त्रांची निकड भासली होती. सरहद्दीवरच्या शिबिरांतील तरुणांनी 30 जानेवारी 1948 रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवर धाड घातली, ती लढ्याला पैसा आणि हत्यारे मिळावीत म्हणून. रझाकारांपुढे निःशस्त्र खेड्याने काय करावे, हा प्रश्न खरा होता. आमच्या घरची वडीलधारी माणसे या काळाविषयी बोलताना आवाज उतरवीत असत.

परंतु तेवढ्यावर थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. सप्टेंबरनंतर बळाचे पारडे फिरले आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने 1948 च्या अखेरीस हिंडून तो वृत्तान्त लिहिला. तो अनेक दशके लोकांसमोर आला नाही. काही महिन्यांच्या आत हत्याराचा हात बदलला आणि मरणारे बदलले. सशस्त्र प्रजा ही स्वातंत्र्याची हमी, हे अमेरिकेतील सूत्र या अनुभवासमोर टिकत नाही, असे माझे मत आहे. कारण शेजारी शेजाऱ्यावर उलटतो तेव्हा ‘प्रजा’ नावाची एकसंध वस्तूच उरत नाही. बाबासाहेबांचा निर्णय मला योग्य वाटतो.

तरीही कामतांचे म्हणणे पुरते निकालात निघालेले नाही. हक्क नसला की उरते अधिकाऱ्याची मर्जी. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने इंग्रजी कायदा रद्द केला. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावीत असा दंडक घातला. सार्वजनिक हिताला बाधक असेल तेव्हा ती कारणे अर्जदाराला न कळविण्याची मोकळीकही ठेवली. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे कलम लिहावे लागले, यातच जुनी रीत कळते. आपल्या शहरात परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त, जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाच्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. तीन दशकांपूर्वीच्या मानाने हा कायदा आज कडक आहे, पण बेकायदा गावठी कट्ट्याला तो फारसा अडवीत नाही. तो परवान्याच्या वाटेने येतच नाही.

आणि एक जुना धागा अजून लोंबतो आहे. कर्नाटकातील कोडगूच्या कोडव समाजाला व तेथील जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमलात मिळालेली सूट आजही चालू आहे. त्यांना बंदुकीला परवाना लागत नाही. कैलपोदच्या सणाला ते बंदुकीची पूजा करतात, आपल्या खंडेनवमीसारखीच. ही सूट आता 2029 पर्यंत वाढवलेली आहे. कोडवांविषयी माझी तक्रार नाही. ते शिस्तीचे लोक, आणि सैन्याला त्यांनी जनरल करिअप्पांसारखे सेनानी दिले. परंतु 1887 साली मद्रासला ज्या कायद्याविरुद्ध ठराव झाला, त्यात भेदभाव होता, आणि जन्मावरून सूट देणारा एक रकाना त्या कायद्याच्या वारसाने अजून रिकामा केलेला नाही.