फवारणीचे विष मेंदूत काय करते?



मुळशीत भाताची लावणी उरकली की खोडकिड्याची धास्ती लागते आणि पाठीवर पंप चढतो. पिकाचा धोका आपण मोजतो, स्वतःचा मोजत नाही. सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून हे विष शरीरात काय करते, ते समजून घ्या.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एक पेशी दुसरीला निरोप धाडते तो रासायनिक द्रव्यातून. तो झेलण्यासाठी पुढच्या पेशीवर अतिसूक्ष्म जागा असतात; त्यांना ग्राही म्हणतात. खाचरात पाणी घ्यायला आपण बांधाला तोंड ठेवतो, तशीच ही तोंडे. अॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य म्हणजे पाणी. खाचर भरले की गडी फावड्याने पाणी तोडतो. शरीरातला हा गडी म्हणजे एक विकर. निरोप पोचताच ते द्रव्य मोडून टाकते.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधे या गड्याचेच हात बांधतात. मग पाणी थांबत नाही. मेंदू, स्नायू, ग्रंथी, साऱ्यांना निरोपावर निरोप जातात. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे, आणि शेवटी श्वास अडतो.

दवाखान्यात डॉक्टर अॅट्रोपीन टोचतात. ते काही ग्राहींची तोंडे बुजवते. धोतऱ्यातही अॅट्रोपीन असते, पण म्हणून घरी काढा पाजू नका. मात्रा चुकली तर तेही विषच.

विष नाकातोंडातून जाते, तसे भिजलेल्या कपड्यांतून कातडीवाटेही जाते. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व नाकातोंडाला मास्क वापरा. वाऱ्याकडे पाठ करून फवारा. चोंदलेले नोझल तोंडाने फुंकू नका. फवारताना तंबाखू-विडी नको. काम संपताच साबणाने आंघोळ करा. माय-भगिनींनो, ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

कुणाला त्रास वाटला तर त्याला शेताबाहेर न्या, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा. उलटी मुद्दाम काढू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. कोणते विष आहे, हे डॉक्टरांना त्या चिठ्ठीवरूनच कळते.

पीक एका हंगामात गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा येते. घरचा माणूस गेला तर तो परत येत नाही.