चिपचा पारखी (लेखांक 4) : यंत्राच्या निकालाची रुजुवात

गेल्या लेखांकात सिलिकॉनच्या चकतीतून कापलेल्या चिपवर वेष्टन कसे चढते ते आपण पाहिले. ती चिप कारखान्याबाहेर जाण्यास पात्र आहे की नाही, याचा निकाल देणारे स्वयंचलित चाचणीयंत्र, आणि त्यापेक्षाही ते चालविणाऱ्या अभियंत्याचे शिक्षण, हा आजचा विषय आहे. नेरूळकरांस तो परका नाही. कारण 1983 साली स्थापन झालेल्या रामराव आदिक तंत्रज्ञान संस्थेतून इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर येथेच घडत आले आहेत, आणि जवळच महापे येथे 2024 साली चिप्सचे वेष्टन व चाचणी करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले आहे.

अमेरिकेत बॉस्टन येथे 1960 साली स्थापन झालेल्या टेराडाइन कंपनीचे पहिले यंत्र केवळ डायोड तपासीत असे. आजच्या यंत्रात हँडलर चिप्स उचलून सॉकेटांत बसवितो, सॉकेटांखालचा लोडबोर्ड त्यांना यंत्राशी जोडतो, चाचणी-प्रोग्रॅम हुकूम सोडतो, आणि निकालाप्रमाणे चिप्स वेगवेगळ्या बिनांत, म्हणजे वर्गवारीच्या खणांत, रवाना होतात. हे सारे इतक्या सफाईने चालते की, नवख्या अभियंत्यास पडद्यावरचा निकाल अंतिमच वाटू लागतो. त्याच्या शिक्षणाचा खरा आरंभ ही समजूत दूर करण्यापासून झाला पाहिजे.

सर्वांत पहिली चाचणी जोडणीची. यंत्र प्रत्येक पिनेतून सुमारे 100 मायक्रोअँपिअर इतका अल्प प्रवाह खेचते. चिपमधील संरक्षक डायोड शाबूत असेल, तर साधारणतः 0.6 ते 0.7 व्होल्टचे अंतर दिसते. ते शून्यावर आले तर शॉर्ट, आणि यंत्राच्या मर्यादेस भिडले तर जोडणी तुटलेली, असे अनुमान निघते. परंतु कसूर चिपचा की सॉकेटातील झिजलेल्या स्प्रिंगचा, हे यंत्र सांगत नाही.

झिजेचे परिणाम याहूनही सूक्ष्म असतात. 1.2 व्होल्टवर 100 मिलिअँपिअर घेणाऱ्या चिपच्या वाटेत अर्ध्या ओहमचा संपर्करोध उद्भवला, तर 50 मिलिव्होल्ट वाटेतच खर्ची पडून तिला 1.15 व्होल्टच मिळतात, आणि निर्दोष चिप वेगाच्या चाचणीत नामंजूर होते. म्हणून प्रवाह नेणारी तार व व्होल्टेज पाहणारी तार वेगवेगळ्या ठेवून दोन्ही थेट चिपच्या पायापर्यंत न्याव्या लागतात. पावसाळी दमट हवा आत शिरली, तर डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचा अंश उरलेल्या लोडबोर्डावरूनही विद्युत् झिरपते. एक गिगाओहमचा असा मार्ग 3 व्होल्टवर 3 नॅनोअँपिअर वाहू देतो, आणि चिपची अनुमत गळतीच तेवढी असेल, तर तो आळ तिच्यावर येतो.

अशा वेळी रुजुवात करावी. तीच चिप दुसऱ्या सॉकेटात बसवावी आणि आधी मोजून ठेवलेली प्रमाण चिप पहिल्यात. दोष चिपबरोबर गेला की सॉकेटातच राहिला, ते पाहून तफावत दप्तरी नोंदवावी. नापास चिप पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासणे ही मात्र रुजुवात नव्हे. त्याने सदोष माल मंजूर होऊन तो एखाद्या मोटारीच्या ब्रेकात किंवा रुग्णालयाच्या उपकरणात जाऊन बसतो. मापनातील अनिश्चिततेइतकी मर्यादा आवळावी, तर काही चांगल्या चिप्स टाकाव्या लागतात. न आवळावी, तर काही वाईट निसटतात. या दोहोंतील सीमा कोठे आखावी, याचा जबाबदारीचा निर्णय अभियंत्यालाच घ्यावा लागतो.

कोट्यवधींचे यंत्र प्रत्येक महाविद्यालयास परवडणारे नाही, परंतु हा विवेक शिकविण्यास त्याची आवश्यकताही नाही. एक वीजपुरवठा, एक चांगला मल्टिमीटर, एक सॉकेट आणि वाटेत हेतुतः घातलेला अर्ध्या ओहमचा रोध एवढ्या सामग्रीवर हा पाठ देता येतो. नेरूळच्या अध्यापकांनी येत्या सत्रापासून तो प्रयोगवहीत समाविष्ट करावा, आणि विद्यार्थ्यास गुण देताना त्याचे उत्तर बरोबर आले की नाही एवढेच न पाहता, त्या उत्तराची खातरजमा त्याने कशी केली, हेही विचारावे.