बाहुशूल आणि फुप्फुसशिखरातील अर्बुद

नित्य चिकित्साव्यवसायात खांदा व बाहू यांच्या वेदनेचे रुग्ण आपणा सर्वांकडे येतात. अवबाहुक किंवा विश्वाची असे निदान करून स्नेहन, स्वेदन, नस्य व वातघ्न औषधांची योजना केली जाते आणि बहुतेकांना उपशय मिळतोही. ज्या थोड्यांना तो मिळत नाही, त्यांतील एका विशिष्ट प्रकाराविषयी प्रस्तुत लेखात आम्ही लिहीत आहोत. कारण असा एक रुग्ण आमच्याच हातून चार महिने अवबाहुकाचा म्हणून हाताळला गेला.

रुग्ण पन्नाशी ओलांडलेला, शेतकरी, तरुणपणापासून विडी ओढणारा. शूल प्रथम उजव्या खांद्यात व पाठीच्या फऱ्यात होता; पुढे तो दंडाच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरला. खोकला नाही, थुंकीतून रक्त नाही. मानेच्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज दिसली आणि आमचे समाधान झाले. वास्तविक त्या वयात ही झीज बहुतेकांच्या चित्रात दिसते. ती दिसली म्हणजे वेदनेचे कारण सापडले असे होत नाही. रुग्ण रात्र रात्र उजवे कोपर डाव्या हातात धरून बसून काढीत असे, हे आम्ही ऐकले होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. अखेर त्याची पत्नीच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, ह्यांचा उजवा डोळा हल्ली लहान दिसतो.”

फुप्फुसाचे शिखर पहिल्या बरगडीच्या वर, मानेच्या मुळापर्यंत पोहोचलेले असते. त्याला लागूनच हाताकडे जाणाऱ्या नाडीजालाचा खालचा भाग, हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या, डोळा व चेहरा यांना तंतू पुरविणारी अनुकंपी नाडीग्रंथी आणि मागे मणके अशी दाटी असते. या अरुंद जागेत अर्बुद वाढले की ते शेजारच्या रचनांना दाबते व पुढे त्यांत शिरते. मोठ्या श्वासनलिका येथून दूर असल्याने खोकला उशिरा येतो. फिलाडेल्फिया येथील क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ व १९३२ साली या अर्बुदांचे वर्णन केले. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. फुप्फुसाच्या एकूण कर्करोगांत त्यांचे प्रमाण शेकडा पाचांहून अधिक नाही, म्हणूनच ती सहसा आठवत नाहीत.

सुश्रुतांनी निदानस्थानात अर्बुद स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे, न पिकणारे व अल्प वेदनेचे सांगितले आहे. मग हा असह्य शूल कोठून आला? अर्बुद स्वतः दुखत नाही; दुखते ती दाबली गेलेली नाडी. तीही दाबाच्या जागी न दुखता जिथवर तिचे तंतू जातात तिथे, म्हणजे अनामिका व करंगळीत, दुखते. वाताच्या मार्गात आवरण आले असता दूरच्या अवयवात लक्षण उमटावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. त्या आवरणाचा शोध मात्र आम्ही मानेतच थांबविला होता.

अशा रुग्णात हाताच्या पंजाकडे नीट पाहावे. अंगठा व तर्जनी यांमधील मांस ओसरलेले, मूठ सैल, करंगळीकडील बाजू बधिर, ही लक्षणे खांद्याच्या सांध्याच्या विकारात येत नाहीत. त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली, बाहुली लहान व चेहऱ्याला घाम नाही, असे आढळल्यास अनुकंपी नाडी दाबली गेली आहे. बाहुल्यांतील फरक मंद प्रकाशात अधिक स्पष्ट दिसतो. भर उजेडातील तपासणीत तो निसटतो. आवाज बसणे, किंवा सकाळी चेहरा सुजून मानेच्या शिरा फुगणे, ही छातीतील अन्य रचनांवरील दाबाची चिन्हे होत. पायांत अशक्तता आली अथवा मूत्र अडले, तर मज्जारज्जू दाबला जात आहे असे समजून रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तेथे गेलेले तास भरून निघत नाहीत.

छातीचे साधे क्ष-किरण चित्र अवश्य काढावे. मात्र शिखर हे हंसळी व पहिल्या बरगडीआड दडते, म्हणून दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. एका शिखरावरील जाड सावली जुन्या क्षयाचा व्रण म्हणून सोडून दिली जाते, किंवा थुंकी न तपासताच क्षयाची औषधे सुरू होतात. आपल्याकडे क्षय इतका आढळतो की ही चूक समजण्यासारखी आहे, पण तिच्यात महिने जातात. शंका राहिल्यास सी. टी. स्कॅन व एम. आर. आय. करावे, निश्चिती गाठीचा तुकडा तपासूनच होते. तोवर जोरकस मर्दन, मानेला ताण देणे वा मान मोडणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. आतील बरगडी किंवा मणका अर्बुदाने पोखरलेला असू शकतो.

निवडक रुग्णांत रसायनोपचार व किरणोपचार एकत्र देऊन नंतर शस्त्रकर्म केले जाते. ते कर्करोग रुग्णालयाचे काम. मॉर्फिनमुळे होणारा मलावरोध, अरुची, अनिद्रा यांत त्या वैद्यकांना विचारून आपणही साह्य करू शकतो.

आम्हांला सर्वाधिक खटकते ते हे की, निदानपंचकातील उपशय-अनुपशय आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो. योग्य वातघ्न चिकित्सेने तीन आठवड्यांत काहीच फरक नाही, हा अनुपशय रुग्णपत्रिकेत आमच्याच अक्षरात नोंदलेला होता. त्यापुढे आम्ही फक्त तेल बदलले.

त्या रुग्णाचे अर्बुद तोवर मण्यात शिरले होते व शस्त्रकर्म शक्य नव्हते. किरणोपचारानंतर शूल बराच उतरला आणि तो आडवा होऊन झोपू लागला. पापणी मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली.