रिकाम्या बोटीची पंचाईत

सांगा बरं, मालवाहू जहाज जास्त कधी डोलतं? पोटात गच्च माल असताना, की रिकामं असताना?

रिकामं असताना! माल उतरला की जहाज हलकं होऊन वर येतं. मग वारा त्याला ढकलतो, लाटा झुलवतात. आगबोटीचं तर आणखीच अवघड. तिला पुढे ढकलणारा पंखा मागच्या बाजूला पाण्याखाली असतो. बोट वर आली की त्याची पाती हवेतच गरगरणार!

‘जॉन बोज’ ही अशीच एक आगबोट. १८५२ साली इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठी, जॅरो गावात, चार्ल्स पामर यांच्या कारखान्यात ती बांधली. लोखंडी अंग, वाफेचं इंजिन, शिवाय शिडंही! काम एकच: उत्तरेकडच्या खाणींतला कोळसा लंडनला न्यायचा. तिथल्या शेकोट्या कोळशावर पेटायच्या, रस्त्यावरचे दिवेही कोळशापासून काढलेल्या गॅसवर जळायचे.

आधी हा कोळसा शिडाची जहाजं न्यायची. वारा उलटा फिरला की ती बसलीच बंदरात! तेवढ्यात आगगाडीही लंडनला कोळसा आणू लागली. आता घाई करायलाच हवी होती.

पामर यांनी दिलेला या बोटीच्या एका फेरीचा हिशोब बघा. ६५० टन कोळसा भरायला ४ तास, लंडन गाठायला ४८, माल उतरवायला २४ आणि परतीला ४८ तास. पाचेक दिवसांत काम फत्ते! शिडाच्या दोन जहाजांना त्यासाठी महिन्याहून जास्त लागला असता.

पण परतताना पोट रिकामं, त्याचं काय? शिडाची जहाजं तळाशी वाळू-खडी भरून यायची. ती भरा, मग उपसा, मजुरी द्या, वेळ घालवा! उपसलेल्या वाळू-खडीच्या टाइनकाठी चक्क टेकड्या झाल्या होत्या.

मग कोळशाच्या आगबोटींनी भलताच सोपा भार शोधला. पाणी! बोटीच्या तळातल्या टाक्यांत ते भरायचं, बंदरात पोचल्यावर पंपाने बाहेर फेकायचं. ना फावडी, ना मजुरी. आजची अवाढव्य जहाजंही हेच करतात.

‘जॉन बोज’चं नाव पुढे बदललं, पण ती राबतच राहिली. १९३३ साली स्पेनच्या किनाऱ्याजवळ बुडाली, तेव्हा वय होतं ८१!

आता प्रयोग तुमचा. स्टीलचा रिकामा पेला बादलीतल्या पाण्यावर उभा ठेवून बघा, लगेच आडवा होईल. मग त्यात अर्ध्याहून थोडं जास्त पाणी भरून ठेवा. काय होतं?