सुपारी तुमची, पण मालकी कुणाची? दोन बँडमास्तरांकडून शिकण्यासारखं



लग्नसराई आली की बीड, गेवराई, माजलगावात बँडवाल्यांची धावपळ सुरू होते. सुपारी ठरते, इसार मिळतो, वरात वाजते, उरलेले पैसे हातात येतात आणि विषय संपतो. पुढची सुपारी येईपर्यंत गल्ला रिकामा. फोटोग्राफर, व्हिडिओवाले, गायक यांचंही तेच. म्हणून आज एकच मुद्दा पक्का करू: मजुरी वेगळी, मालकी वेगळी.

चिक चॉकलेट: दोन ठिकाणची कमाई

खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म 1916, गोव्यातलं हळदोणे गाव. ट्रम्पेट असा वाजवायचे की लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्यांचा बँड मुंबईच्या ताज हॉटेलात वाजायचा. पण ते एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहिले नाहीत, सिनेमातही शिरले. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र संगीतकार, आणि चिक त्यांचे सहायक. 1951 चा 'अलबेला' आठवा, त्या गाण्यांचा ठेका आजही पाय हलवतो.

हॉटेल आणि सिनेमा, दोन ठिकाणची कमाई. हे शहाणपणच! पण त्या काळी वादकाला पैसे मिळायचे ते रेकॉर्डिंगच्या कामाचे. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्याचा हक्क निर्मात्याचा आणि रेकॉर्ड कंपनीचा. चिक 1967 मध्ये गेले. गाणी अजून कमावतायत.

रे चार्ल्स: मालकीची अट

हे अमेरिकेतले रिदम अँड ब्लूजचे पियानोवादक आणि बँडमास्तर. जन्म 1930, घरची गरिबी, सातव्या वर्षापर्यंत दृष्टी गेलेली. 1959 मध्ये त्यांचं गाणं जोरात चाललं होतं. त्याच वर्षी त्यांनी नव्या कंपनीशी करार केला आणि अट घातली: मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी माझ्याकडे आली पाहिजे. कंपनीनं मान्य केलं, कारण गरज कंपनीला होती. 1962 मध्ये त्यांचं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

लक्षात घ्या, ही अट त्यांनी पहिल्या दिवशी घातली नाही. आधी नाव कमावलं, मग मागणी असताना बोलणी केली.

आपल्याला काय लागू?

भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यातल्या या गोष्टी माहीत हव्यातच:

1. पैसे घेऊन कुणासाठी फोटो काढलात आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर फोटोची पहिली मालकी गिऱ्हाइकाची.
2. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात.
3. 2012 च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणी लिहून घेऊन काढून घेऊ शकत नाही.

या आठवड्याचं काम

इसार घेताना जी पावती देता, तिच्यावर दोन ओळी वाढवा: तयार होणारं काम कुणाच्या मालकीचं, आणि जाहिरातीसाठी ते मला वापरता येईल का. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा. घरचं लग्न आहे, लेखी कशाला, असं कुणी म्हटलं तर हसून सांगा, "भाऊ, हिशेब चोख असला की नातं टिकतं."

तुमच्या धंद्यात मजुरीच्या पुढे जाऊन मालकीचं काय उभं करता येईल? कमेंटमध्ये नक्की लिहा.