ढगातली बिऱ्हाडे

पाणी शून्य अंशाला गोठते, हे आपण सर्वांनी शाळेत घोकलेले असते. ढगाला मात्र हा पाठ मान्य नाही. ढगातला निर्मळ जलकण उणे ३८ अंश सेल्सियसपर्यंत द्रवरूपच राहू शकतो. विरजणावाचून दूध जसे दही होत नाही, तसे बीज मिळाल्यावाचून त्याचे हिम होत नाही. धुळीचे कण हे बीज पुरवतात, पण बहुधा उणे १५ अंशांच्या खाली गेल्यावर.

त्याच्या कितीतरी आधी, उणे २ अंशांच्या सुमारासच, विरजण लावणारा एक जीवाणू आहे: स्यूडोमोनास सिरिंगी. याचे मूळ घर झाडाच्या पानावर. त्याच्या आवरणातील एका प्रथिनावर पाण्याचे रेणू बर्फातल्यासारखे रांगेने बसतात. थंडीच्या रात्री तो दहिवर गोठवतो, पानाच्या पेशी फोडतो आणि आतला रस पितो. चोर खरा, पण कसबी!

केनियातील केरिचो आणि नांदी टेकड्यांवरचे चहाचे मळे गारपिटीसाठी कुप्रसिद्ध आहेत. रसेल श्नेल यांनी तेथील कुजका पाचोळा तपासला आणि तो हिमबीजांनी संपन्न असल्याचे १९८२ साली दाखवले. पाने खुडणाऱ्यांच्या पायांखालून उडालेला हा चुरा वाऱ्याबरोबर ढगात चढत असावा, असा तर्क आहे. म्हणजे मळ्याला झोडपणाऱ्या गारांचे बियाणे मळ्यानेच पुरवायचे! त्याच वर्षी मोंटानाच्या डेव्हिड सँड्स यांनी या प्रवासाचे पूर्ण चक्र मांडले: पानावरून ढगात, ढगातून पावसाबरोबर पुन्हा पानावर. पुढे २००८ साली ब्रेंट क्रिस्नर व सहकाऱ्यांना अंटार्क्टिकाच्या ताज्या हिमातही सजीवांपासून आलेली हिमबीजे सापडली. फ्रान्समधील प्वी द दोम शिखरावर गोळा केलेल्या ढगाच्या पाण्यात तर जीवाणू जिवंत आढळले. ते त्यातील फॉर्मिक आम्लावर गुजराण करू शकतात.

तरीही गोव्याचा आषाढी पाऊस आम्ही या जीवाणूंच्या खाती मांडणार नाही. किनाऱ्यावरचे कित्येक बुटके ढग गोठण्याच्या उंचीपर्यंत पोचतच नाहीत. तेथे समुद्री मिठाच्या कणांवर थेंब धरतात आणि एकमेकांवर आदळून थोर होतात. साऱ्या पृथ्वीच्या पावसात जीवाणूंचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे.

गारेची गोष्ट निराळी. माळव्यातला शेतकरी फाल्गुनात उभ्या गव्हावर जिचा घाव सोसतो, ती गार पदरापदरांनी वाढते. म्हणून तिचा गाभाच तिच्या जन्माची साक्ष देतो. २०१० साली मोंटाना राज्य विद्यापीठाच्या आवारात पडलेल्या गारा थर थर सोलून पाहिल्या गेल्या. जीवाणूंची सर्वाधिक दाटी गाभ्यातच होती.